टर्बो क्रॉसओव्हर : तीन गाड्या चालवून पाहिल्या, तरी निर्णय होत नाही

मुळाकाठ

नमस्कार. आमच्या घरी अकरा वर्षांपूर्वी घेतलेली एक पेट्रोल सेडान आहे. तिने आजवर रस्त्यात एकदाही दगा दिलेला नाही. दगा दिला आहे तो आईच्या दोन्ही गुडघ्यांनी, आणि त्यामुळे मागच्या सीटवरून उठताना तिला दर वेळी कोणाचा तरी हात धरावा लागतो. नवी गाडी उंच बैठकीची, म्हणजे क्रॉसओव्हर प्रकारची असावी, हे घरात एकमताने ठरले. त्यावर मी माझी एक अट घातली, की गाडी उंच असली तरी चालवायला कंटाळवाणी नसावी, कारण कोथरूड ते हिंजवडी हा रोजचा प्रवास आणि वर्षातून चार-पाच वेळा ताम्हिणीमार्गे कोकण, या सगळ्या वेळी स्टिअरिंगच्या मागे मीच असतो. (पत्नीचे म्हणणे आहे की शनिवार-रविवारी गाडी तिच्याकडे असल्याने 'मीच' हा शब्द काढून टाकावा. तो काढल्याचे समजावे.)

गेल्या दोन आठवड्यांत तीन गाड्या चालवून पाहिल्या. तिन्ही टर्बो पेट्रोल आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या. पहिली फोक्सवॅगन टायगून जीटी, १.५ टीएसआय इंजिन आणि सात गिअरांचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. दुसरी ह्युंदाई क्रेटा एन लाइन, १.५ टर्बो आणि सात गिअरांचा डीसीटी, तोही दोन क्लचचाच. तिसरी महिंद्रा एक्सयूव्ही थ्री एक्स ओ, १.२ टीजीडीआय इंजिन आणि सहा गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कागदावर पाहिले तर टायगून १५० पीएस (ताकद) आणि २५० न्यूटन मीटर (ओढ), क्रेटा १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटर, तर थ्री एक्स ओ १३० पीएस आणि २३० न्यूटन मीटर. पहिल्या दोन गाड्यांमधला फरक कागदावरच राहतो. चांदणी चौकाचा चढ दोघींनीही इतक्या सहज खाल्ला, की माझ्या जुन्या गाडीत त्याच चढावर दुसऱ्या गिअरसाठी जी धडपड होते ती आठवून मला तिची थोडी दया आली.

माझ्या नोंदी अशा आहेत. टायगूनचे स्टिअरिंग वेग वाढला की वजनदार होते आणि हाताला विश्वास वाटतो, पण पौड रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या झाकणांवरून जाताना मागून आलेला प्रत्येक धक्का कमरेपर्यंत जाणवला. क्रेटा आतून सर्वांत श्रीमंत वाटली. काचेचे मोठे छत, डाव्या-उजव्या गाड्यांवर लक्ष ठेवणारी एडास यंत्रणा, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि ४३३ लिटरची डिकी, म्हणजे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. थ्री एक्स ओ खड्ड्यांवर सर्वांत मऊ वाटली आणि चार मीटरच्या आतली असूनही मागे तिघांना बसता आले, कारण तिची रुंदी १८२१ मिमी आहे. डिकी मात्र लहान आहे आणि आमच्याकडे आंब्याच्या पेट्यांचा प्रश्न दर मे महिन्यात येतोच.

अडचण अशी, की प्रत्येक टेस्ट ड्राइव्ह जेमतेम दहा मिनिटांची झाली, त्यातली चार मिनिटे सिग्नलवर गेली आणि उरलेला सगळा वेळ शेजारी बसलेले विक्रेते पडद्यावरचे रंग कसे बदलतात ते दाखवत होते. एवढ्यावर वीस लाखांचा निर्णय कसा घ्यावा? आणि दुसरे, थोडे अवघड: उंच गाडी आणि वळणात मजा, या दोन गोष्टी एकत्र येऊ शकतात का, की 'स्पोर्टी क्रॉसओव्हर' हे नुसतेच शोरूममधले विशेषण आहे? ज्यांनी अशा गाड्या वर्षभर तरी वापरल्या आहेत त्यांनी कृपया लिहावे.

सेडानवेडा

तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याकडे वळतो. मी साताऱ्यात राहतो आणि अडीच वर्षांपासून फोक्सवॅगन व्हर्टस वापरतो. इंजिन तेच १.५ टीएसआय, सांगाडा तोच, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतरही तेच २६५१ मिमी. म्हणजे टायगून आणि व्हर्टस या सख्ख्या बहिणी आहेत आणि उंच गाडीसाठी आपण नेमकी काय किंमत मोजतो, हे पाहायचे असेल तर यापेक्षा चांगली जोडी आपल्या बाजारात सापडणार नाही.

आता आकडे पाहा. टायगूनची उंची १६१२ मिमी आणि व्हर्टसची १५०७ मिमी, म्हणजे छतात १०५ मिमीचा फरक. पण रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट जमिनीपासून किती वर आहे ते, पाहिला तर टायगूनचा १८८ मिमी आणि व्हर्टसचा १७९ मिमी, म्हणजे फरक उरतो तो अवघा ९ मिमीचा, करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. ज्या गतिरोधकाच्या भीतीने लोक सेडान नको म्हणतात, त्या गतिरोधकाला हा फरक समजतसुद्धा नाही. उरलेली सगळी उंची तुमच्या बैठकीत आणि डोक्यावरच्या हवेत गेलेली आहे, आणि तीच वळणात तुम्हाला बाहेरच्या बाजूला ढकलते.

मी दोन्ही गाड्या एकाच सकाळी वाईहून पाचगणीकडे पसरणी घाटाने नेल्या आहेत, कारण भावाकडे टायगून आहे. इंजिन दोन्हीकडे सारखेच हसत-खेळत चढते. टर्बो असल्यामुळे उंचीवरच्या विरळ हवेचाही फारसा त्रास होत नाही. साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तुमच्या जुन्या गाडीची दया येणे स्वाभाविक आहे. फरक पडतो तो उजवीकडून लगेच डावीकडे जाताना. व्हर्टस एकदाच झुकते आणि स्थिर होते. टायगून झुकते, सावरते आणि मग वळते. ती वाईट नाही, उंच गाड्यांमध्ये ती बरीच चांगली आहे, पण जी गंमत तुम्ही शोधत आहात तिच्यातला थोडा भाग त्या १०५ मिमीत सांडतो.

व्हर्टसच्या ५२१ लिटरच्या डिकीत आंब्याच्या पेट्याही बसतील. शोरूम एकच असते, तेव्हा त्याच दिवशी तीही चालवून पाहा.

स्पॅनर_बारा

मी बावीस वर्षे गाड्यांच्या चाचणीच्या आणि दुरुस्तीच्या कामात आहे. कोणती गाडी घ्यावी हे मी सांगणार नाही. मुळाकाठ यांचा पहिला प्रश्न माझ्या कामाचा आहे, त्यावर लिहितो.

पुढच्या टेस्ट ड्राइव्हला जाताना खिशात टायरची हवा मोजायचे साधे मीटर घेऊन जा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत हवेचा दाब लिहिलेला फलक असतो. शोरूमच्या गाडीची हवा मोजा आणि फलकाशी ताडून पाहा. गाड्या कारखान्यातून निघताना आणि बरेच दिवस उभ्या राहणार असतील तेव्हा टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरलेली असते, आणि ती उतरवायचे काम कोणाच्याच यादीत नसते. मी स्वतः फलकापेक्षा आठ-नऊ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) जास्त हवा असलेल्या गाड्या टेस्ट ड्राइव्हला उभ्या असलेल्या पाहिल्या आहेत. अशा गाडीत बसून 'हिचे सस्पेन्शन कडक आहे' असे म्हणणे म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांवरून माणसाचा स्वभाव ठरवणे. एक लक्षात ठेवा, फलकावरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी नुकतीच फिरून आली असेल तर दोन-तीन पीएसआय जास्त दिसतील, त्यात काही गैर नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. तुम्ही बहुधा विक्रेत्यासह दोघेच बसून गेलात. मागचे सस्पेन्शन चार माणसे आणि सामान धरून बेतलेले असते, त्यामुळे मागे कोणी नसताना ते ताठ राहते आणि मागे दोन माणसे बसली की आपल्या मूळ कामाला लागते. ड्रेनेजच्या झाकणावर जो धक्का मागून आला असे तुम्ही लिहिले आहे, त्यात हवेचा वाटा किती आणि रिकाम्या सीटचा वाटा किती, हे पुन्हा चालवल्याशिवाय कळणार नाही. घरची सगळी माणसे घेऊन जा. विक्रेत्याला मागे, मध्ये बसवा. तिथून त्याला पडद्यापर्यंत हात पोहोचत नाही.

तिसरी गोष्ट रस्त्याची. तिन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, शक्यतो एकाच वेळी चालवा. तुम्ही चांदणी चौकाजवळ आहात, तर भूगाववरून पिरंगुटचा घाट चढून परत या. त्यात गर्दी आहे, गतिरोधक आहेत, तुटलेली डांबराची कड आहे आणि चढ-उतारावर वळणे आहेत. शोरूम एवढ्या लांब जाऊ देत नाही, असे पुष्कळांचे म्हणणे असते. रविवारी गेलात तर देणार नाहीत. मंगळवारी सकाळी अकराला जा आणि फोनवर आधीच तासाभराची वेळ मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात. जिथे देत नाहीत, तिथे गाडी घेतल्यानंतरची सेवा कशी असेल याचाही अंदाज येतो.

रस्त्यावर काय पाहावे, ते माझ्या सवयीने सांगतो. शून्यावरून शंभर किती सेकंदांत, हे विसरा, ते आयुष्यात दोनदा करून पाहाल. चाळीसवरून ऐंशी गाठताना, म्हणजे घाटात एसटीच्या पुढे जाताना, पाय दाबल्यापासून गाडीने हालचाल करेपर्यंत किती वेळ गेला ते मनात मोजा. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये एकदम तीन गिअर खाली यायचे असतील तर क्षणभर विचार होतो, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तो वेगळ्या तऱ्हेने होतो, आणि तुमच्या पायाला त्यातला कोणता आवडतो ते दुसरा कोणी सांगू शकत नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून, साठवरून नेहमीपेक्षा जरा जोरात ब्रेक दाबा आणि गाडी सरळ रेषेत थांबते का ते पाहा. टायगूनला मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आहेत म्हणून काही जण नाके मुरडतात. जोरात थांबताना वजन पुढे येते आणि बहुतांश काम पुढचीच चाके करतात, त्यामुळे रोजच्या वापरात ड्रमने अडत नाही. मात्र घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरायची शिस्त प्रत्येक गाडीला लागू आहे, डिस्क असो वा ड्रम.

सेडानवेडा यांनी झुकण्याबद्दल बरोबर लिहिले आहे, त्यात थोडी भर घालतो. उंच गाडी वळणात झुकू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा आणि झुकाव रोखणारा आडवा बार, दोन्ही जास्त कडक करावे लागतात. त्याची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते: एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो आणि बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. मागे-पुढे होणाऱ्या हेलकाव्यापेक्षा ही डोक्याची हालचाल म्हाताऱ्या माणसांना जास्त थकवते. ती चालकाला फारशी कळत नाही, कारण त्याने स्टिअरिंग धरलेले असते. म्हणून परतीच्या वाटेवर तुमच्या पत्नीला चालवू द्या आणि तुम्ही मागे, आईंच्या शेजारी बसा. टेस्ट ड्राइव्हमधला हा अर्धा भाग जवळजवळ कोणीच करत नाही.

आणि एक: संगीत बंद ठेवा.

गोदाकाठ

माझी थ्री एक्स ओ चौदा महिन्यांची आहे, १.२ टीजीडीआय ऑटोमॅटिक. नाशिकमध्ये बनते म्हणून घेतली असे घरातले चिडवतात, ते पूर्णपणे खोटे नाही. तुम्ही जी मजा म्हणता ती या गाडीत सरळ रस्त्यावर भरपूर आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटात जाण्याची वेळच कमी येते, आणि १२० च्या मर्यादेत ही गाडी शांत बसते. वळणांची हौस असणाऱ्याने मात्र टायगून आणि ही, दोन्ही पाठोपाठ चालवून पाहाव्यात. दोघींचे स्वभाव वेगळे आहेत आणि मला मऊ स्वभाव हवा होता. इंजिन तीन सिलिंडरचे आहे, सिग्नलवर उभे असताना त्याची बारीक थरथर जाणवते. मला तिची सवय झाली, वडिलांना नाही.

पैशांचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. पेट्रोल गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर १८ टक्के, एक जरी मोडली तर ४० टक्के. थ्री एक्स ओची लांबी ३९९० मिमी आणि इंजिन ११९७ सीसी, म्हणजे दोन्हीकडे अगदी काठावर बसवलेली आहे. टायगूनचे लहान इंजिन ९९९ सीसीचे असले तरी लांबी ४२२१ मिमी असल्याने तिला सवलत नाही. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांत १२ टक्के रस्ता कर लागतो. म्हणून शोरूमच्या किमतींची तुलना करू नका, ऑन-रोड किमतीचा लेखी कागद तिन्हीकडून घ्या.

'जीटी' आणि 'लाइन' या शब्दांनीही फसू नका. टायगूनमध्ये जीटी लाइन नावाची आवृत्ती २०२४ मध्ये आली, ती दिसायला काळीभोर आणि रुबाबदार आहे, पण तिच्यात १.० लिटरचे ११५ पीएसचे इंजिन आहे. १५० पीएस हवे असतील तर नुसत्या जीटी या अक्षरांवर न थांबता इंजिन विचारा.

लेक_मिरजेची

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. आईंचे गुडघे हा मूळ विषय होता, त्याकडे कोणीच परत आले नाही, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी माझ्या आईसाठी आम्ही हाच खटाटोप केला. मी घरातून शिवणाची टेप घेऊन गेले. आईला कोणत्या उंचीवरून हात न धरता उठता येते हे आधी घरी पाहिले: जेवणाच्या टेबलाची खुर्ची, ४६ सेमी, तिथून तिला उठता येत नाही, खाली उशी घालून ती ५५ सेमी झाली की आई आपोआप उठते. मग प्रत्येक गाडीत मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजली, आणि तिचे वजन पडल्यावर गादी किती दबते तेही पाहिले, कारण मऊ गादी तीन-चार सेंटिमीटर खाऊन टाकते. शोरूममधली मुले हसत होती. त्यांना हसू द्या.

पण नुसती उंची पुरत नाही. पाय बाहेर काढताना दाराचा खालचा उंबरा किती रुंद आहे, दार किती उघडते आणि छताची कड डोक्याला लागते का, या तीन गोष्टींनी माझ्या आईचा निर्णय ठरला. छताची रेषा मागे उतरती असेल तर गाडी बाहेरून देखणी दिसते आणि आत बसणारा मान वाकवून बसतो. आणि फार उंच गाडीही नको. तिथे चढताना तेच गुडघे पुन्हा तक्रार करतात. क्रॉसओव्हरची बैठक आमच्यासाठी बरोबर मध्ये निघाली, सेडानइतके खाली बसावे लागत नाही आणि मोठ्या एसयूव्हीइतके चढावे लागत नाही. सेडानवेडा यांचे ते १०५ मिमी सांडत नाहीत, ते आईच्या गुडघ्यात जातात.

तुमच्या पत्नी किती उंच आहेत ते माहीत नाही. मी पाच फूट एक इंच आहे. माझ्यासारख्या व्यक्तीने सीट पूर्ण वर घेतल्यावर बॉनेटची कड दिसते का, स्टिअरिंग पुढे-मागे होते का की फक्त वर-खाली, आणि वळणात गाडीच्या समोरच्या काचेशेजारचा खांब रस्ता ओलांडणारा माणूस झाकतो का, हे पाहिलेच पाहिजे. शेवटची गोष्ट शोरूमच्या आवारात कळत नाही, चौकात उजवीकडे वळतानाच कळते.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारी आणि बुधवारी सुट्टी काढली आणि स्पॅनर_बारा यांनी सांगितलेल्या मार्गावर चार गाड्या नेल्या; होय, चार, कारण व्हर्टसही चालवली. खिशात मीटर होते, पिशवीत टेप होती आणि पत्नीने आधीच बजावले होते की शोरूममध्ये मी या दोन्ही वस्तू काढल्या की ती आमची ओळख नाकारील.

चारपैकी दोन गाड्यांच्या टायरमध्ये फलकापेक्षा बरीच जास्त हवा होती, एकीत नऊ पीएसआय. विनंती केल्यावर ती कमी करून दिली, कोणी कुरकुर केली नाही. त्यानंतर, चौघे बसून, त्याच ड्रेनेजच्या झाकणांवरून गेलो तेव्हा मला माझ्याच पहिल्या नोंदी खोडाव्या लागल्या. टायगून अजूनही कडक बाजूलाच आहे, पण तो धक्का आता एकदाच येतो आणि संपतो, कमरेपर्यंत चढत नाही. परतीला मी मागे बसलो. पिरंगुटच्या उतारावर आई काय करते ते पाहत होतो: तिचा एक हात दारावरच्या दांडीवर होता, दुसरा मांडीवर सैल होता. दुसऱ्या एका गाडीत तिचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर होते. कोणत्या गाडीत ते लिहीत नाही, कारण तेव्हा गाडी मी चालवत नव्हतो, विक्रेते चालवत होते, आणि त्यांनी ज्या उत्साहाने ती वळवली त्यात आमच्या चिरंजीवांनाही गाडी लागली. दोष गाडीचा नव्हता.

व्हर्टसबद्दल सेडानवेडा यांचे शब्दन् शब्द खरे निघाले. पिरंगुटच्या दोन वळणांत मला एकट्याला विकत घेता आली असती तर मी तिथेच सही केली असती. आई मागच्या सीटवर बसली, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाली, "ही तर आपलीच गाडी आहे, नवी कशाला घ्यायची?" उतरताना तिने माझा हात मागितला. तो विषय तिथे संपला.

क्रेटा एन लाइनने पत्नीला जिंकले होते, पहिल्या दिवशी मलाही. ती टायगूनपेक्षा लांब आहे, ४३३० मिमी, पण पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २६१० मिमी, म्हणजे लांबीने लहान असलेल्या टायगूनपेक्षा कमी. मागे पाय ठेवायला मात्र दोन्हीकडे आम्हाला पुरेशी जागा वाटली. फरक पडला तो पुन्हा वळणातच. क्रेटाची घाई सरळ रस्त्यावर जास्त मोहक आहे, आवाजही मुद्दाम घोटवलेला आहे. टायगूनमध्ये वळणात शिरताना चाके कुठे आहेत ते मला न पाहता कळत होते. हे शब्दांत सांगणे कठीण आहे आणि पत्नीच्या मते ते वीस लाखांच्या मानाने फारच धूसर कारण आहे. एडास टायगूनमध्ये नाही, याची नोंद तिने दोनदा करायला लावली. मात्र ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला पाच तारे ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळालेले आहेत, आणि कोथरूडच्या गर्दीत ती यंत्रणा सारखी ओरडत राहील असे तिचेच भाऊ सांगतात, त्यामुळे शेवटी तिने संमती दिली. टेपच्या कसोटीत टायगून आणि क्रेटा दोन्ही उत्तीर्ण झाल्या. थ्री एक्स ओही झाली, पण डिकीने तिचा घात केला.

तर टायगून १.५ इथवर येऊन पोहोचलो आहोत. आता घरात नवा वाद आहे. मला सहा गिअरांची मॅन्युअल हवी आहे, पत्नीला डीएसजी. स्पॅनर_बारा, आपण दोन्ही पाहिल्या असतील. हिंजवडीच्या गर्दीत रोज पाऊण तास जाणार आहे, हे धरून सांगावे.

स्पॅनर_बारा

हात न धरता उठणे आणि सैल ठेवलेला हात, या दोन्ही नोंदी मी माझ्या वहीत उतरवून घेतल्या.

डीएसजीतले दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. ती गिअरपेटी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी बनवलेली आहे आणि हे इंजिन नेमके २५० देते, म्हणजे गर्दीत ती तिच्या मर्यादेजवळ असते असे नव्हे, कारण रांगताना इंजिन एवढे बळ कधीच देत नाही. तिला त्रास होतो तो वितावीताने पुढे सरकण्याचा. पुढची गाडी एक हात सरकली की आपणही ब्रेक सोडून सरकायचे, असे पाऊण तास केले तर क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग एकदम सरकावे आणि पूर्ण थांबावे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरच्या जोरावर धरून उभी करू नये, ब्रेकवर धरावी. या सवयी असतील तर डीएसजीने घाबरण्याचे कारण नाही. क्रेटाचा सात गिअरांचा डीसीटीही कोरडाच आहे, तेव्हा हा प्रश्न तिथेही आलाच असता.

मॅन्युअलमध्ये हेच सगळे तुमचा डावा पाय करील. इंजिन चार सिलिंडरचे आहे आणि हलक्या भारावर त्यातले मधले दोन बंद ठेवते, त्यामुळे मोकळ्या महामार्गावर पेट्रोल वाचते. हिंजवडीच्या गर्दीत त्याचा फायदा कोणत्याच गिअरबॉक्सला नाही. क्लच दाबायला किती जोर लागतो आणि तो किती वरून पकडतो, एवढे फक्त पाहा. आणि ते तुम्ही पाहू नका, ज्यांना शनिवारी-रविवारी गाडी हवी असते त्यांना पाहू द्या.

मुळाकाठ

शोरूमकडे मॅन्युअल गाडी नव्हती, दुसऱ्या शाखेतून ती येत्या शुक्रवारी मागवली आहे. संध्याकाळी साडेसहाची वेळ मुद्दाम मागून घेतली. भूगावपासून घरापर्यंत पत्नी चालवील, मी मागे आईशेजारी बसेन. मीटरही सोबत असेल.

सेडानवेडा

मॅन्युअल टायगून घेतलीत तर एकदा पसरणीला या. मी व्हर्टस घेऊन वाईच्या पुलापाशी थांबेन. आईंना पुढे बसवा.